शेतकरी मेळाव्यात शेतकरीण कुठे बसते?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत वर्षभर शेतकऱ्यांचे मेळावे चालू असतात. खरिपाच्या तोंडावर बियाणे-खताचे मार्गदर्शन, सोयाबीन निघाले की हमीभावाचा मेळावा, अतिवृष्टी झाली की भरपाईसाठी मोर्चा, पाऊस ओढला की चारा-पाण्यासाठी धरणे. पत्रिकेवर ठरलेला मजकूर असतो : 'समस्त शेतकरी बांधवांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.' हे वाक्य छापणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याच्या डोळ्यांसमोर शेतकरी म्हणून जो माणूस उभा राहतो तो धोतर-टोपीतला किंवा हल्ली जीन्समधला असतो, एवढेच. मेळाव्याच्या वेळी बाया रानात खुरपणीला असतात. जेव्हा मंडप भरून दिसायला हवा असतो, तेव्हा मात्र बचत गटांना निरोप जातो, गाड्या येतात आणि बाया मंडपात एका बाजूला सतरंजीवर बसतात. प्रश्न विचारायची वेळ येईपर्यंत त्यांच्या परतीच्या गाड्या सुटायला झालेल्या असतात.

हा केवळ मानापमानाचा मुद्दा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. खुर्ची मिळाली काय आणि सतरंजी मिळाली काय, बायांना त्याची सवय आहे. पण या मेळाव्यांतून, मोर्चांतून जी मदत मागितली जाते, तिचा पत्ता कोणता, हे पाहिले की ही सवय किती महाग पडते ते कळते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, हमीभाव केंद्रावरची नोंदणी, ठिबकचे अनुदान, पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, त्यावर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपये हे सगळे सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जाते. म्हणून शेतकऱ्याला मदत द्या अशी घोषणा आपण देतो, तेव्हा सरकारदरबारी तिचा अर्थ खातेदाराला मदत द्या असा होतो. खातेदार कोण आहे हे विचारल्याशिवाय ती घोषणा आपल्यापुरती अर्धीच राहते.

देशभरात ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ तिघी शेतीत आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण साधारण १४ टक्के. मधल्या सगळ्या बाया कागदावर कोण आहेत? कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून, किंवा रोजंदारीने जाणारी बाई. जुलै २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध जोडप्याचे चित्रीकरण देशभर फिरले. बैल परवडत नाहीत म्हणून म्हाताऱ्याने जू स्वतःच्या खांद्यावर घेतले होते आणि म्हातारी मागून औत धरून चालली होती. पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले, मदतही जाहीर झाली. पण सगळीकडे बोलले गेले ते 'शेतकरी आणि त्याची पत्नी' असे. औतावर हात होता तिचा, तरी शेतकरी तो एकटाच.

अपघाताच्या मदतीचेच पाहा. रानात साप चावतो, वीज पडते, विहिरीत पाय घसरतो. राज्य सरकारची अपघात मदतीची योजना आधी खातेदारासाठीच होती. पुढे तीत दुरुस्ती झाली आणि खातेदाराशिवाय कुटुंबातला 'कोणताही एक सदस्य' तीत आला. दुरुस्ती चांगलीच आहे. पण रानात रोज राबणारी बाई त्या 'कोणत्याही एका'त आई, बाप, मुलगा, अविवाहित मुलगी यांच्याबरोबर मोजली जाते. स्वतःच्या नावाने तिला कोणी मोजत नाही. ती मेली तर? शेती करणाऱ्या बाईने आत्महत्या केली की पोलिसांच्या कागदावर ती बहुधा गृहिणी असते. पी. साईनाथ यांनी हे अनेक वर्षे लिहून दाखवले आहे. जगताना शेतकरी नाही, मरतानाही नाही.

आणि नवरा गेला की काय होते ते तर आपल्या गटांतल्या कितीतरी जणी रोज भोगत आहेत. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यात एका वर्षात हजाराहून अधिक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्या घरांतल्या बायांचे पुढे काय झाले याची चौकशी मात्र पुढारी येऊन गेले की संपते. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. प्रकरण पात्र ठरवायला नापिकी, कर्ज आणि कर्जवसुलीचा तगादा यांचे पुरावे लागतात. कर्ज खाजगी सावकाराचे, म्हणजे बिनपरवाना असले तर कागद कुठून आणायचा? शेत ठोक्याने केलेले असले, सातबारा दुसऱ्याचा असला, तर प्रकरण बहुधा तिथेच थांबते.

महिला किसान अधिकार मंच म्हणजे मकाम. त्यांनी २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या, तिच्यावर हक्क मिळालेला नव्हता. त्याच वर्षी या स्त्रिया मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसल्या, आणि जून २०१९ मध्ये त्यांच्यासाठी शासन निर्णय निघाला. जमीन नावावर करून देण्याला मदत करा, मुलांच्या शिक्षणाचे बघा, असे त्यात यंत्रणेला सांगितले आहे. निर्णय निघाला हे या बायांच्याच जिद्दीचे फळ. पण शासन निर्णय मुंबईत निघतो आणि फेरफार गावात होतो. मधल्या वाटेवर दीर, सासरा, भावकी आणि चहाच्या टपरीवरची चर्चा असते.

थोडे थांबून या वाटेकडे नीट पाहू, कारण आपल्या कामाचे खरे रान तेच आहे.

नवऱ्याच्या नावावर जमीन असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा त्यावर सारखा हक्क आहे. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, काम तेच) वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. मग वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, संबंधितांना नोटीस, पंधरा दिवस हरकतीसाठी, आणि मंडळ अधिकाऱ्याची सही. लिहायला एवढे सोपे आहे. प्रत्यक्षात वारसांची यादी दीर सांगतो. आम्हीच सांभाळणार आहोत की तिला, नाव लावून काय करायचे, असे चावडीवर बोलले जाते. मुले अज्ञान असली तर अज्ञान पालनकर्ता म्हणून कधीकधी चुलत्याचे नाव पुढे केले जाते. आई जिवंत असताना चुलता पालनकर्ता कसा, हे विचारायला तिच्याबरोबर कोणीतरी असावे लागते. बाईचे नाव लागलेच तर ते कब्जेदार सदरात लागले की 'इतर हक्क' सदरात टाकले, हे बघायला हवे. मराठवाड्यातले जुने सातबारे काढून पाहा. एकत्र कुटुंब पुढारी म्हणून थोरला भाऊ आणि आई-बहिणींची नावे 'इतर हक्कात', असे कितीतरी सापडतील. नाव आहे म्हणून बाई समाधानी असते. त्या सदराचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नसतो.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे जमीन सासऱ्याच्या नावावर असणे. नवरा गेला तेव्हा त्याच्या नावावर काहीच नव्हते, म्हणून वारस नोंद नाही. आत्महत्या झालेल्या घरांत तरुण कर्ते पुरुष जास्त, म्हणून ही स्थिती वारंवार दिसते. जमीन वडिलोपार्जित असेल तर मृत मुलाचा हिस्सा त्याच्या बायको-मुलांकडे येतो, वाटणी मागता येते. पण ज्या घरात राहायचे, ज्या विहिरीचे पाणी प्यायचे, त्याच घराविरुद्ध तहसीलमध्ये अर्ज द्यायचा, ही हिंमत एकट्या बाईकडून मागणे अन्यायाचे आहे. हिंमत गटाने करायची असते.

मुलींची गोष्ट वेगळी नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणले आणि त्याच वर्षी २२ जूनपासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही, आणि वडील २००५ मध्ये जिवंत असोत वा नसोत हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. कायदा असा एकेक पायरी चढत असताना गावात त्याला उत्तर तयार झाले, ते म्हणजे हक्कसोडपत्र. बाप गेला की तेराव्यानंतर भाऊ बहिणीला गाडीत घालून निबंधक कार्यालयात नेतो, एक साडी घेतो, सही घेतो. बहिणीही मुकाट सही करतात, कारण माहेर तुटायची भीती हिश्शापेक्षा मोठी असते. त्यांना नावे ठेवू नयेत. सासरी मार खाल्ला तर परत यायला तेवढेच एक दार आहे, हे त्या जाणतात. सही द्यायची की नाही हे तिचे तिने ठरवावे. पण कोरा कागद, वाचून न दाखवलेला कागद, आणि रडारडीच्या दिवसांत घेतलेली सही, याला आपण संमती म्हणायचे नाही.

मुस्लिम मैत्रिणींबद्दल एक वेगळे सांगायला हवे, कारण नांदेड जिल्ह्यात त्या आपल्या गटांत मोठ्या संख्येने आहेत. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमिनीचा विषय वगळलेला आहे. म्हणून त्यांच्या बाबतीत हिंदू वारसा कायद्याची मोजपट्टी लावून सल्ला देऊ नये. प्रत्येक प्रकरण वकिलाला दाखवूनच पुढे जावे.

आता कोणी म्हणेल की जमीन नावावर करा ही मागणी शहरी, शिकलेल्या बायांची. तसे मुळीच नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. लाखो शेतकरी बाया आल्या होत्या. त्यातून पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्याने हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवले. शरद जोशींच्या खुल्या बाजाराच्या भूमिकेशी आपल्यातल्या अनेकींचे जमले नाही, माझेही जमत नाही. पण शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेने भावाच्या लढाईबरोबर घरातल्या बाईचे देणे फेडा असे पुरुषांना तोंडावर सांगितले, हे त्यानंतर फार कोणी केलेले नाही. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. आजही ही सोय आहे. अडचण एवढीच की अर्ज नवऱ्याने करायचा आहे. आणि सातबारा हा महसुली कागद आहे, त्यावरच्या नोंदीने मालकीचा वाद आपोआप मिटत नाही, हेही बायांना आधीच सांगून ठेवावे. तरीसुद्धा ज्या बाईचे नाव आधीपासून सातबाऱ्यावर आहे, तिला नवरा गेल्यावर घरातून काढणे आणि जमीन परस्पर विकणे अवघड जाते.

आपल्याच जिल्ह्यांत आणखी एक काम झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बाया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या आणि त्यातून प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचे काम वाढले. पुढे दुष्काळात या बायांनी एक एकराची शेती उभी केली. घरच्या पुरुषांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीन, ऊस न लावता भाजी, डाळी, धान्य असे घरात खायला लागणारे मिश्र पीक घ्यायचे. खतही घरचेच. नगदी पीक बुडाले तेव्हा या तुकड्याने घरात भाकरी ठेवली, आणि २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बाईला काय पेरायचे ते ठरवू दिले की ती आधी पोटाचे पेरते, हे त्यातून दिसले. माझे म्हणणे एवढेच, की तो एकर तिला वापरायला मिळतो, पण नवऱ्याचे मन बदलले की परतही घेतला जाऊ शकतो. एक एकराच्या प्रत्येक शेतकरणीची पुढची मागणी त्या एकराच्या सातबाऱ्याची असली पाहिजे.

आणि ज्यांच्या घरात एक गुंठाही नाही त्यांचे काय? मराठवाड्यात भूमिहीन बाया, त्यातही दलित बाया, गायरान कसून दोन-दोन पिढ्या काढत आल्या आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या जमीन अधिकार आंदोलनापर्यंत या लढ्यात बायांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे, आणि अजूनही पट्ट्यासाठी फाइली फिरत आहेत. दादासाहेब गायकवाडांच्याच नावाने २००४ पासून जी योजना आहे, तीत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची आहे आणि विधवा, परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. आपल्या गटांतून या योजनेचे किती अर्ज गेले? सातबाऱ्याची भाषा बोलताना या बायांना विसरलो तर आपण जमीनवाल्यांचीच संघटना होऊ.

त्यांच्यासाठी, आणि ठोक्याने-बटईने शेती करणाऱ्या गटांसाठी, शेतकरी या शब्दाची व्याख्याच बदलायला हवी. हे स्वप्नरंजन नव्हे. स्वामिनाथन आयोगानंतर आलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात कसणारा, कूळ, बटईदार, शेतमजूर हे सगळे शेतकरी धरले आहेत. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचे खाजगी विधेयकही मांडले होते. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणाऱ्या बाईला ग्रामसभेच्या मंजुरीने शेतकरी असल्याचा दाखला मिळावा, अशी त्यात तरतूद होती. विधेयक २०१३ मध्ये बारगळले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आता व्याख्याने होतील, सत्कार होतील, शालीही मिळतील. त्या दाखल्याची मागणी पुन्हा वर काढायला याहून बरी वेळ कोणती?

घाई करायचे आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. तो आधार आणि जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही तर क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर अर्जच भरता येत नाही. पूर्वी एखादा समजूतदार कृषी सहायक बाईला शेतीशाळेला, मिनीकिटला नावाने घेत असे. संगणकाला समजूतदारपणा नसतो. दुसऱ्या बाजूला, त्याच एप्रिल-मे महिन्यांत 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावण्यासाठी. ज्या गावांत आपल्या कार्यकर्त्या चावडीवर बसल्या तिथे बायांची नावे लागतात, बाकी ठिकाणी काय लागले ते आता एकेक उतारा काढूनच पाहायला हवे. आणि नाव लागल्यानंतर लगेच हक्कसोड झाली का, तेही.

म्हणून आपल्या गटांच्या बैठकांबद्दल एक सुचवायचे आहे. हप्ता, व्याज, थकबाकी यांत सगळी बैठक जाते. दर बैठकीत दोन जणींच्या घरचा सातबारा मोठ्याने वाचावा. कोणाचे नाव, कोणत्या सदरात, कर्जाचा बोजा किती, शेवटचा फेरफार कधीचा. वीस जणींच्या गटात वर्षभरात सगळ्यांचे सातबारे वाचून होतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर न उरकता घ्यायला लावून गावातल्या शेती करणाऱ्या सगळ्या बायांची, ठोकेवाल्या आणि मजूर बायांसकट, यादी ठरावात घालावी. अतिवृष्टीच्या पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा ती यादी समोर ठेवता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये रानेच्या राने पाण्याखाली गेली, तेव्हा ठोक्याने शेत केलेल्या बायांकडे दाखवायला असा एकही कागद नव्हता. ठोका आगाऊ भरलेला, पीक वाहून गेलेले, आणि भरपाई मालकाच्या खात्यावर.

शेतकरी संघटनांशीही बोलायला हवे. हमीभावाच्या, कर्जमाफीच्या मोर्चाला आपण जातोच, जायलाही हवे, कारण सोयाबीनचा भाव पडला की पहिली शाळा मुलीची सुटते. पण पुढच्या वेळी निरोप आला की येतो म्हणण्याआधी विचारावे : मागण्यांच्या निवेदनात बायकांच्या नावाचा मुद्दा कितव्या क्रमांकावर आहे? नसेल तर तो घालून घ्यावा, मग गाड्या भरून जावे.

एक व्यावहारिक अडचण उरते. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात आणि आपली बैठक महिन्यातून एकदा असते. गावात एखाद्या घरी मयत झाली की चौदाव्या दिवसापर्यंत कोणी वाट पाहू नये. प्रत्येक गावात दोघींनी हे काम अंगावर घ्यावे. एकीला वाचता यावे आणि दुसरीला भांडता यावे.